बेरीज माहीत, गुणाकार माहीत

मीरा रोड किंवा भाईंदरमधल्या एखाद्या फ्लॅटच्या खोलीत नवी लादी बसली की कारागिराच्या बिलात दोन आकडे हमखास येतात. एक जमिनीवरच्या लादीचा, चौरस फुटांत. दुसरा भिंतीच्या पायथ्याशी फिरणाऱ्या स्कर्टिंगचा, रनिंग फुटांत. खोलीची लांबी-रुंदी बिलावर बहुधा नसते. समजा, स्कर्टिंग ४४ फूट आणि लादी १२० चौरस फूट लिहिली आहे. स्कर्टिंग खोलीला पूर्ण वेढा घालते असे धरले, तर लांबी आणि रुंदी यांची बेरीज २२ आणि गुणाकार १२०. म्हणजे खोली १२ बाय १०. टेप न लावता मापे मिळाली. आता त्याच ४४ फुटांसमोर लादी १३० चौरस फूट लिहिली असेल तर? ज्या दोन संख्यांची बेरीज २२ आहे त्यांचा गुणाकार ११ गुणिले ११, म्हणजे १२१ च्या वर जाऊच शकत नाही. खोली आयताकृती नाही, तिचा एक कोपरा आत घेतलेला आहे, असे कुणी म्हणेल. पण कोपरा काटकोनात आत घेतला की परिमिती तेवढीच राहते आणि क्षेत्रफळ उलट घटते. मात्र ४४ फुटांत दरवाजाची जागा वगळली असेल आणि दरवाजा ३ फुटांचा असेल, तर परिमिती ४७ होते, तिचे निम्मे साडेतेवीस, आणि क्षेत्रफळाची मर्यादा १३८ चौरस फुटांच्या थोडी वर जाते. मग १३० चा आकडा बसतो. लादीच्या आकड्यात तुटफूट धरली आहे का, हाही प्रश्न उरतोच. बेरीज आणि गुणाकार एवढ्या दोन गोष्टींवरून मापे कळली, कोणती मापे अशक्य आहेत ते कळले आणि कारागिराला नेमके काय विचारायचे तेही कळले.

या पुस्तिकेचा विषय एवढाच आहे: वर्गसमीकरणाच्या मुळांची बेरीज आणि गुणाकार यांचा उपयोग. वरच्या खोलीचे समीकरण क्ष² − २२क्ष + १२० = ० असे आहे. त्यात २२ ही बेरीज आणि १२० हा गुणाकार उघड्यावर ठेवलेला आहे. बालभारतीच्या इयत्ता दहावीच्या गणित भाग १ मधले दुसरे प्रकरण वर्गसमीकरणांचे. आधी अवयव पाडून मुळे काढायची, मग पूर्ण वर्ग करून, मग सूत्राने. त्यानंतर विवेचकावरून मुळांचे स्वरूप ओळखायचे. आणि एवढे झाल्यावर मुळे व सहगुणक यांच्यातला संबंध येतो. सीबीएसईच्या दहावीत क्रम उलटा आहे. तिथे हा संबंध बहुपदींच्या प्रकरणात आधी येऊन जातो आणि वर्गसमीकरणांचे प्रकरण त्यानंतर, मध्ये दुसरा विषय घालून. मीरा-भाईंदरच्या एकाच सोसायटीत राज्य मंडळाची मुलगी आणि सीबीएसईचा मुलगा शेजारी राहतात. एकीला हा संबंध उशिरा भेटतो, दुसऱ्याला लवकर, आणि दोघांच्याही वहीत तो एका चौकटीतल्या सूत्राच्या रूपात सुटा पडून राहतो. माझे म्हणणे असे, की हा संबंध प्रकरणातला आणखी एक उपविषय नाही. त्या प्रकरणातल्या सगळ्या पद्धती त्याच्यातूनच निघतात, आणि तसे दाखवले तर पाठांतराचा मोठा भाग गळून पडतो.

पहिला पुरावा अवयव पद्धतीतच आहे. ६क्ष² + ७क्ष − २० = ० हे समीकरण घ्या. वर्गात सांगतात: ६ आणि −२० यांचा गुणाकार −१२०; आता ज्यांचा गुणाकार −१२० आणि बेरीज ७ अशा दोन संख्या शोधा. त्या १५ आणि −८. मधल्या पदाची फोड करायची, सामाईक अवयव बाहेर काढायचे, आणि मुळे येतात −५/२ व ४/३. हे १५ आणि −८ कुठून आले आणि नंतर कुठे गेले, हे सहसा कुणी विचारत नाही. मुळांना ६ ने गुणा: −१५ आणि ८. चिन्हे उलटवा: १५ आणि −८. म्हणजे मधल्या पदाची फोड करताना आपण शोधत होतो ती मुळेच होती, फक्त ६ पटीत आणि उलट्या चिन्हांनी. विद्यार्थी प्रकरणाच्या सुरुवातीपासून बेरीज आणि गुणाकारच वापरत असतो. त्याला ते सांगितलेले नसते. काही पानांनंतर तीच गोष्ट नव्या नावाने समोर येते, तेव्हा ती नवीन वाटते आणि पाठ करावी लागते.

बेरजेपुढे उणे चिन्ह का, ही या भागातली सर्वांत जास्त गुण घालवणारी जागा. मुळे म आणि न असतील तर समीकरण (क्ष − म)(क्ष − न) = ० असे असते. गुणाकार करून पाहिले की क्ष² − (म + न)क्ष + मन = ० मिळते. दोन्ही कंसांतले उणे एकेकटे आले तेव्हा मधल्या पदात टिकले, एकत्र आले तेव्हा शेवटच्या पदात नाहीसे झाले. अक्ष² + बक्ष + क = ० या सर्वसाधारण रूपाला अ ने भागले की बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ हेही लगेच दिसते. हा गुणाकार एकदा स्वतःच्या हाताने केला की चौकट पाठ करायची गरज उरत नाही.

या संबंधावरचा नेहमीचा आक्षेप असा, की संख्या सरळ असल्या तरच तो कामाचा. बेरीज ५, गुणाकार ६ म्हटले की २ आणि ३ कुणालाही सुचतात. पण बेरीज ६ आणि गुणाकार ७ असेल तर? अंदाज बांधत बसलेला विद्यार्थी इथे अडतो आणि शेवटी सूत्राकडे वळतो. आक्षेप अंदाजाच्या पद्धतीला लागू आहे, संबंधाला नाही. दोन संख्यांची बेरीज ६ असेल तर त्यांची सरासरी ३. मग एक संख्या ३ पेक्षा जितकी मोठी, दुसरी तितकीच लहान. त्या फरकाला फ म्हणू. गुणाकार (३ + फ)(३ − फ), म्हणजे ९ − फ². तो ७ हवा, म्हणून फ² = २. मुळे ३ + √२ आणि ३ − √२. इथे कुठेही अंदाज नाही. गुणाकार ७ ऐवजी १० असता तर फ² = −१ आले असते आणि वास्तव मुळे नाहीत हे तिथल्या तिथे कळले असते. हेच ६ आणि ७ च्या जागी −ब/अ आणि क/अ घालून करा. दहावीचे सूत्र अक्षरशः हातात येते. विवेचक ब² − ४अक म्हणजे मुळांच्या वजाबाकीचा वर्ग गुणिले अ². तो शून्य असला तर मुळे समान का, याला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही: वजाबाकी शून्य आहे. पूर्ण वर्ग पद्धत म्हणजेही सरासरीपासूनचे अंतर मोजण्याचीच रीत.

ही पद्धत नवी म्हणून अलीकडे गाजली. कार्नेगी मेलन विद्यापीठातले गणितज्ञ पो-शेन लो यांनी २०१९ मध्ये ती शिकवण्यासाठी मांडली, तेव्हा वर्तमानपत्रांनी वर्गसमीकरणाचा नवा शोध अशा थाटात बातम्या दिल्या. लो यांनी स्वतः मात्र तिचे घटक फार जुने असल्याचे स्पष्ट लिहिले होते. किती जुने? सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनी मातीच्या पाट्यांवर आयताच्या बाजूंची बेरीज आणि क्षेत्रफळ देऊन बाजू विचारलेल्या आहेत, आणि रीत अशी: बेरजेचे निम्मे करा, त्याचा वर्ग करा, त्यातून क्षेत्रफळ वजा करा, वर्गमूळ घ्या, ते निम्म्यात एकदा मिळवा, एकदा त्यातून वजा करा. लादीच्या बिलाचाच प्रश्न. आपल्याकडे बेरीज आणि वजाबाकी माहीत असताना दोन राशी काढण्याच्या क्रियेला संक्रमण म्हणत. ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या ग्रंथात ती आहे आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीतही. बेरीज आणि गुणाकार दिले असतील तर बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची चौपट काढली की वजाबाकीचा वर्ग मिळतो, हा नियम भास्कराचार्यांच्या बीजगणितात आहे. त्याला संक्रमण जोडले की वर्गसमीकरण सुटले.

इथे जरा सांभाळून बोलले पाहिजे. भास्कराचार्य महाराष्ट्राच्या अगदी जवळचे. त्यांचा जन्म १११४ चा, सिद्धान्तशिरोमणी ११५० चा. आणि चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख, जो भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला, त्यांचे नातू चंगदेव यांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद देतो. त्या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. म्हणजे गणिताच्या अध्यापनासाठी दिलेल्या दानाची नोंद मराठीत आठशे वर्षांपूर्वी झाली आहे. या जवळिकीपोटी मुळे आणि सहगुणक यांचा संबंध भास्कराचार्यांनीच मांडला, असे ठोकून देण्याचा मोह होतो. तो टाळावा. समीकरणाच्या सहगुणकांकडे पाहून त्यांतच मुळांची बेरीज व गुणाकार वाचायचे, ही मांडणी युरोपातली. फ्रान्सच्या फ्रान्स्वा व्हिएतने (१५४०–१६०३) ती धन मुळांपुरती केली आणि १६२९ मध्ये आल्बेर जिरारने ऋण व अवास्तव मुळेही धरून तिला पूर्ण रूप दिले. भास्कराचार्यांकडे दोन संख्यांचे नियम होते. समीकरणाच्या अंगावरच ती माहिती लिहिलेली आहे, हे म्हणायला मुळे ऋण असली तरी ती मुळे मानावी लागतात. त्यांना ऋण संख्या नीट हाताळता येत. पण व्यवहारातल्या प्रश्नात ऋण उत्तर आले की ते लोकांना पटत नाही म्हणून सोडावे, असे ते सांगत.

आणि नेमकी हीच त्यांची सावधगिरी आज जास्त कामाची आहे. बीजगणितात माकडांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या एक अष्टमांशाच्या वर्गाइतकी माकडे रानात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. समीकरण सोडवल्यावर क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० येते; मुळे ४८ आणि १६. बेरीज ६४, गुणाकार ७६८. दोन्ही उत्तरे चालतात: ४८ चा अष्टमांश ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२; १६ चा अष्टमांश २, वर्ग ४, अधिक १२. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या एक पंचमांशातून ३ वजा करून वर्ग केला तेवढी माकडे गुहेत गेली आणि एक झाडावर दिसते. समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ०; मुळे ५० आणि ५. इथे बेरीज धन, गुणाकार धन, दोन्ही मुळे धन आणि पूर्ण. सूत्रावर विसंबणारा विद्यार्थी दोन्ही लिहून मोकळा होईल. भास्कराचार्य ५ नाकारतात, कारण ५ चा पंचमांश १, त्यातून ३ वजा केले की −२ उरतात, आणि उणे दोनांचा वर्ग चार असला तरी उणे दोन माकडे कळपातून बाजूला काढता येत नाहीत. बेरीज आणि गुणाकार समीकरणाबद्दल बोलतात, माकडांबद्दल नाही. प्रश्नाचे भाषांतर समीकरणात होताना जे हरवले ते या संबंधाला दिसत नाही, आणि ते दिसते असा दावा ही पुस्तिका करणार नाही.

याहून अवघड सापळा अकरावी-बारावीत आणि जेईईच्या तयारीत भेटतो. क्ष² − गक्ष + (ग + ३) = ० या समीकरणाची मुळे वास्तव आहेत; मुळांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी किती? मुळे न काढता उत्तर देता येईल म्हणून विद्यार्थी खूश होतो. म² + न² म्हणजे बेरजेचा वर्ग वजा दुप्पट गुणाकार, म्हणजे ग² − २ग − ६. हे ग = १ असताना सर्वांत लहान, आणि किंमत −७. दोन वास्तव संख्यांच्या वर्गांची बेरीज −७! चूक आकडेमोडीत नाही. ग = १ घेतल्यावर मुळेच वास्तव राहत नाहीत. वास्तव असण्यासाठी ग² − ४ग − १२ शून्याहून कमी नसावे, म्हणजे ग एक तर ६ किंवा त्याहून मोठा, नाही तर −२ किंवा त्याहून लहान. ग = ६ ला वर्गांची बेरीज १८, ग = −२ ला २; उत्तर २, तेव्हा दोन्ही मुळे −१. मुळे न काढता त्यांच्याबद्दल बोलण्याची सोय हाच या संबंधाचा मोठा गुण, आणि मुळे आहेत की नाहीत हे विसरण्याचा धोकाही तिथेच. या कारणाने पुस्तिकेत विवेचकाला स्वतंत्र प्रकरण दिलेले नाही. तो प्रत्येक प्रकरणात बेरीज आणि गुणाकाराच्या सोबत येतो.

परीक्षेचा आक्षेप सर्वांत व्यवहारी आणि म्हणून सर्वांत जास्त ऐकू येणारा. गणित भाग १ ची लेखी परीक्षा ४० गुणांची. प्रश्नात पद्धत सांगितली असेल तर त्याच पद्धतीने सोडवावे लागते. सूत्राने सोडवा म्हटले असताना सरासरी आणि फरक लिहून आलात तर पायऱ्यांचे गुण जातील. हे खरे आहे, आणि त्यावर तोड म्हणून मी बंडाचा सल्ला देणार नाही: उत्तरपत्रिकेत सूत्र म्हटले तर सूत्रच लिहावे. पण उत्तर आल्यावर समोरच्या समीकरणाकडे एकदा पाहायला काहीच खर्च नाही. मुळे ४/३ आणि −५/२ आली. बेरीज −७/६, समीकरणात ब/अ हे ७/६, चिन्ह उलटे, ठीक. गुणाकार −२०/६, ठीक. मूळ समीकरणात दोन्ही किमती घालून पडताळा घेण्यापेक्षा हे कितीतरी झटपट होते. दोन्ही कसोट्या लावाव्यात, एकच नाही: चिन्हाची चूक झाली आणि दोन्ही मुळांची चिन्हे उलटली, तर गुणाकार जसाच्या तसा राहतो आणि चूक फक्त बेरजेत उघडी पडते. वर्गमूळाच्या आतली आकडेमोड चुकली तर नेमके उलट घडते. बेरीज बरोबर येते, गुणाकार चुकतो. क्लासमध्ये वेळ वाचवण्याच्या युक्त्या पुष्कळ सांगतात. त्यांतली ही एक तरी कारणासकट सांगावी.

संगणकाच्या काळात सूत्र असताना हे कशाला, असेही विचारतात. उत्तर नेमके संगणकाच्या बाजूने आहे. क्ष² − १०००क्ष + १ = ० हे साध्या आठ अंकी कॅल्क्युलेटरवर सोडवा. विवेचक ९९९९९६, त्याचे वर्गमूळ ९९९.९९७९९९९९८, आठ अंकांनंतरचे सोडून दिले तर ९९९.९९७९९. लहान मूळ काढायला १००० मधून ते वजा करून निम्मे केले की ०.००१००५ येते. खरे मूळ ०.००१०००००१ च्या आसपास. जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा केल्या की बिनचूक अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतात ते शेवटचे डळमळीत अंक. इथे अर्ध्या टक्क्याची चूक झाली. आता मोठे मूळ बेरजेने काढा, तिथे हा धोका नाही: ९९९.९९८९५. मुळांचा गुणाकार १ आहे, म्हणून लहान मूळ म्हणजे १ भागिले ९९९.९९८९५, कॅल्क्युलेटर ०.००१ दाखवतो. संगणकासाठी वर्गसमीकरणाचा प्रोग्रॅम काळजीपूर्वक लिहिणारे हेच करतात: एक मूळ सूत्राने, दुसरे गुणाकाराने. जिरारच्या काळातला संबंध आजच्या यंत्रांत गुपचूप काम करत असतो.

पुस्तिकेतली उदाहरणे सोप्याकडून अवघडाकडे अशी सरळ रांगेत लावलेली नाहीत. लादी-स्कर्टिंगची आहेत, राई, मुर्धा, मोर्वा या पट्ट्यात मिठागरे होती त्यांच्यावरून रचलेलीही आहेत, बांधाची लांबी आणि आतले क्षेत्रफळ देऊन, निव्वळ अक्षरांची आहेत, आणि मुद्दाम चुकीची माहिती दिलेली काही आहेत, जिथे अशी खोली असूच शकत नाही हे उत्तर आहे. नववी पार केलेल्या कुणालाही ती करता येतील. घनसमीकरणांचे एक छोटे टिपण शेवटी जोडले आहे. तिथे मुळे तीन, म्हणून बेरीज, दोन-दोनांच्या गुणाकारांची बेरीज आणि तिघांचा गुणाकार असे तीन संबंध येतात. १७७० च्या सुमारास लाग्रांजने समीकरणे कुठवर सुटतात याचा शोध याच वाटेने घेतला. त्या वाटेवर ही पुस्तिका उंबरठ्यापर्यंतच जाते.

शेवटी उत्तरांची यादी छापलेली नाही. कागद वाचवायला नव्हे. आलेल्या मुळांची बेरीज आणि गुणाकार समीकरणाशी जुळले तर वर्गसमीकरणाचे उत्तर बरोबर आहे, आणि हे ठरवायला छापील आकडा लागत नाही. अपवाद शाब्दिक उदाहरणांचा. त्यांची उत्तरे दिली आहेत, आणि जिथे एक मूळ सोडावे लागते तिथे ते का सोडले तेही दिले आहे, कारण ते समीकरणात लिहिलेले नसते.